भाताचं भूत

चिचखेडीच्या मारुतीच्या पारासमोर त्या दिवशी एवढी गर्दी लोटली होती, की खुद्द मारुतीला कोणी विचारत नव्हतं. साल एकोणीसशे ब्याऐंशी. धानाची कापणी ऐन रंगात आलेली. हातापाया पडूनही शेतावर माणूस मिळेना आणि इथे पाराभोवती पाय ठेवायला जागा नाही! ललिताबाईनं आवळ्यांची टोपली मांडली होती, शेजारी एक फुटाणेवाला येऊन बसला होता. चमत्कार म्हटला की आपल्या लोकांना आधी भूक लागते.

पारावर, वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेल्या चादरीवर, जंगबाबा बसले होते. चादरीच्या कोपऱ्यावर गिरणीचा शिक्का स्पष्ट दिसत होता, पण भक्तीनं भरलेल्या डोळ्यांना शिक्के दिसत नसतात. बाबा अन्नाला शिवत नसत. फक्त दूध आणि केळी. त्यामुळे गावातल्या म्हशी आणि केळीच्या बागा सध्या पुण्य कमावत होत्या.

"देखो भाई," बाबा म्हणाले, "लोखंडाले पानी लागलं का जंग चढते. चढते का नाई?"

"चढते, बाबा!"

"इळ्याले चढते, कुदळीले चढते, नांगराच्या फाळाले चढते. मंग मानसाच्या मेंदूले काहून नाई चढणार? आं? परलोकातली हवा रगतात शिरली का रगताले जंग. रगताचा जंग मेंदूत गेला का मानूस बरळते. डॉक्टरपाशी याची दवा नाई. त्याच्यापाशी सुई. आन् त्या सुईलेच जंग!"

लोक खो खो हसले. त्याच वेळी गोदावरीबाई एस.टी.तून उतरून, हातात पिशवी घेऊन गर्दीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

गोदावरीबाई म्हणजे गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई. पवनीला शिक्षकांचं शिबिर होतं, ते आटोपून त्या परत येत होत्या. जिभेनं तिखट, मनानं मऊ. पण मऊपणा त्या सहसा चारचौघांत काढत नसत. शिबिरात भाषणं ऐकून त्यांचं डोकं आधीच उठलं होतं आणि आता गावात आल्या तर इथे दुसरं भाषण! कोणाच्या अंगात आलं म्हणून त्यांनी टाचा उंचावून पाहिलं आणि त्यांच्या हातातली पिशवीच गळाली.

बाबांसमोर टाकलेल्या खाटेवर कुंता होती. त्यांची शेजारीण, टेकचंदची बायको. रोज संध्याकाळी घरचं आवरून बाईंकडे अक्षरं गिरवायला येणारी, 'श'ला हट्टानं 'स' म्हणणारी आणि त्यावरून स्वतःच हसत सुटणारी. बाई शिबिराला निघाल्या तेव्हा ही पोरगी विळा घेऊन कापणीला चालली होती. आणि आज? डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले, श्वास धाप लागल्यासारखा.

बाबांनी एका चपट्या बाटलीतून काचेच्या पेल्यात सोनेरी पाणी ओतलं. "हे शुद्ध तीर्थ. याच्यात भूत लपत नाई." त्यांनी कुंताचा उजवा हात उचलला आणि बोटं पेल्यात बुडवली. बघता बघता सोनेरी पाणी काळंनिळं, शाईसारखं झालं.

"अरे बाप्पा!" गर्दी एक पाऊल मागे सरली. एका म्हातारीनं भीतीनं तोंडातला फुटाणा तसाच गिळला.

"हा जंग!" बाबा गरजले. "आन् ही विभूती!" चिमूटभर पांढरी भुकटी पेल्यात पडली, बाबांनी पेला गरगर फिरवला आणि काळं पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ झालं.

"जय जंगबाबा!" पार दणाणला.

तेवढ्यात कुंतानं डोळे उघडले. कोणाकडेच न बघता ती घोगऱ्या आवाजात ओरडली, "ए सीते! पानी आन, सीते!"

खाटेच्या पायाशी बसलेल्या सीताबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. सीताबाई म्हणजे कुंताची सासू. आता तुम्हीच सांगा, सुनेनं सासूला 'ए सीते' म्हणून हाक मारायची? चिचखेडीत असं आजवर घडलं नव्हतं. त्या घरात सीताबाईला 'सीते' म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे तिची स्वतःची सासू. ती बुढी मागच्या उन्हाळ्यात वारली. झालं! कोर्टात लागत नाही एवढा पुरावा गावाला मिळाला. बुढी परत आली होती आणि सुनेच्या सुनेच्या अंगात बसून पाणी मागत होती.

बाई गर्दी सारत पुढे गेल्या. टेकचंद खाटेजवळ मान खाली घालून उभा होता. तो गवंडीकाम करायचा. जवाहरनगरला क्वार्टरांच्या बांधकामावर होता. बायको आजारी म्हटल्यावर काम टाकून आला होता.

"टेकचंद, काय झालं रे हिला?"

"बाई..." त्याचा आवाज बसला होता. "कापणीत इळा लागला. डाव्या तळहाताले. हळद-चुना लावला, बांधलं. मंग थंडी वाजून आली, मंग बरळाले लागली."

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

हे विचारताच सीताबाई उसळली. "दाखवलं ना! कोंढ्याच्या त्या बावनकर डॉक्टरले दाखवलं. काय म्हणाला माहीत हाये? तुमच्या सुनेले शेप्टिक झालं म्हणे! डोक्यापर्यंत शेप्टिक गेलं म्हणे!"

"मग?"

"मंग काय, बाई?" टेकचंद म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "मी गवंडी हाओ. जवाहरनगरले शेप्टिक मीच बांधतो. शेप्टिक म्हंजे संडासाची टाकी. चार लोकाईच्या समोर माह्या बायकोले त्यानं संडासाची टाकी म्हटलं! डोक्यात टाकी हाये म्हणे! तसंच उचलून आणलं घरी."

बाईंना हसू यावं की रडू, कळेना. एका शब्दापायी पोरगी मरणाच्या दारात पडली होती. त्यांनी कुंताच्या कपाळाला हात लावला. तवा तापावा तसं कपाळ, आणि पाय मात्र गार. डावा हात कोपरापर्यंत सुजलेला. फडकं उचललं तर हळदीखालून पू वाहत होता आणि मनगटावरून वर लाल रेघ चढत चालली होती.

"डॉक्टर अजून काय म्हणाले?"

"म्हणे, आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याले न्या. नाई तर हाती लागणार नाई."

"मग उचला ना! वाट कोणाची बघता?"

"वेस ओलांडायची नाई!" बाबांचा हात वर झाला. "गुरुवारपर्यंत नाई. वेस ओलांडली का बुढी जीव घेऊन जाईन. दवा पाजली तरी जीव जाईन. मास्तरीनबाई, हे तुमच्या पुस्तकात नाई लिहिलेलं."

गुरुवार! आज सोमवार होता. गुरुवारी हा बाबा दूध पिऊन दुसऱ्या गावी जाईल आणि ही पोरगी स्मशानात जाईल, हे बाईंना लख्ख दिसलं. त्यांनी टेकचंदकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. सरपंच मारोतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाई, देवाच्या कामात आडकाठी नोको. तुमी शाळा पाहा."

आरडाओरड करून उपयोग नव्हता. बाबाला शिव्या दिल्या असत्या तर गावानं बाईंनाच वेशीबाहेर काढलं असतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, खाली बसल्या आणि पुन्हा त्या पेल्याकडे पाहिलं. उदबत्ती आणि कापराचा धूर दाटला होता. पण पेल्याजवळ नाक नेल्यावर दुसराच एक वास आला. शाळेच्या कपाटाचं दार उघडलं की येतो तो. टिंक्चर आयोडिनचा वास.

काळंनिळं. तुमच्या पुस्तकात नाही म्हणतोस होय रे लबाडा? सातवीच्या पुस्तकात आहे, आणि आकृतीसकट आहे!

"सीताबाई," त्यांनी हळूच विचारलं, "हिला खायला काय देता?"

"बाबानं सांगितलं तसंच. तांदळाची पेज. आन् परीक्षेच्या आधी हात पेजीनं धुवाचा. शुद्धीकरण."

बाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि चेहरा असा भाविक केला, की त्यांना ओळखणारे चकितच झाले. "बाबा, चुकले मी. एवढं सामर्थ्य प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आता एक विनंती आहे. बुढी जबरदस्त होती. ती एकटीच्याच अंगात थांबेल कशावरून? आपल्या सरपंचांची तर ती मामी. त्यांची परीक्षा करून घ्या ना."

"सरपंच पवित्र मानूस हाये," बाबा घाईनं म्हणाले.

"मग भ्यायचं काय कारण? की मारोतराव भितात?"

मिशीवरचा हात थांबला. "कोन भेते? आना पेला!" मारोतराव नुकतेच घरून भात-वरण चापून आले होते. आपल्याकडे हात धुणं म्हणजे बोटांवरून चूळभर पाणी सोडणं. बाईंनी बाबांच्या पुढ्यातली बाटली भक्तिभावानं उचलली, पेला भरला आणि सरपंचांनी त्यात पंजा घातला.

पाणी काळंकुट्ट.

"आई वो!" सरपंचांची पाचावर धारण बसली. जवळचे दोघे उडी मारून लांब झाले.

पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "पाहा! मी सांगत नव्हतो? पुऱ्या गावाले जंग लागून राहिला! पुऱ्या गावाचं शुद्धीकरण करा लागन!" आणि गंमत पाहा, गाव घाबरायच्या ऐवजी खूश झालं. माझंही बघा, माझंही बघा म्हणून लोक हात पुढे करू लागले. शेजाऱ्याला भूत लागलं आणि आपल्याला नाही, हे कोणाला सहन होतं?

"होईल, सगळ्यांचं होईल," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला. आता त्या सातवीच्या वर्गात उभ्या होत्या. "मारोतराव, साबण लावून हात धुवा. नखंसुद्धा. असे नाही, घासून!"

सरपंच हापशीवर गेले आणि निमूट हात धुऊन आले. नव्या पेल्यात हात घातला. पाणी जसंच्या तसं, सोनेरी.

"मारोतराव, तुमची मामी साबणाला भिऊन पळाली की काय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"आता बाबांचा हात. घाला बाबा, घाला." बाबांचा हात गर्दीनंच पेल्यात घातला. पाणी सोनेरीच. बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "पाहा! मी निष्कलंक!"

"होणारच. तुम्ही केळी खाता, आम्ही भात खातो." बाईंनी सीताबाईच्या घरून आलेल्या पेजीच्या वाटीत बोट बुडवलं आणि बाबांच्या पंजावर फिरवलं. "आता घाला."

बाबा हात मागे घेऊ लागले, पण मारोतरावांनी मनगट पकडलं. सरपंच चिडले होते. त्यांच्या मामीचा प्रश्न होता. पंजा पेल्यात गेला आणि निष्कलंक बाबा काळेनिळे झाले.

बाईंनी पेजीतलं भाताचं एक शीत उचललं आणि थेट नव्या सोनेरी पेल्यात टाकलं. शीत काळं झालं.

"या भाताच्या अंगात कोण आलंय? याची सासू कोण? अरे, हे टिंक्चर आयोडिन आहे, पाण्यात मिसळलेलं. भाताला लागलं की काळंनिळं होतं. आपण धानाच्या मुलुखातली माणसं. सकाळी भात, संध्याकाळी भात, आजाऱ्याला पेज. इथे ज्याचा हात काळा होणार नाही असा माणूस सापडायचा नाही!"

"आन् ते निवळते कसं?" गर्दीतून प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. बाईंनी विभूती जिभेवर ठेवली. तोंड आंबट झालं.

"ललिताबाई, दोन आवळे दे."

आवळे दगडावर ठेचून त्यांनी रस काळ्या पेल्यात पिळला आणि ढवळला. पेला निवळत गेला. ललिताबाई स्वतःच्या टोपलीकडे डोळे फाडून बघू लागली. "म्हंजे माह्या टोपलीत येवढे बाबा हायेत?"

आता मात्र पार हसला. पण बाई हसल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष टेकचंदकडे होतं. तो पेल्याकडे टक लावून बघत होता.

"बाई," तो पुटपुटला, "हे तर तुमीच दाखवलं होतं. सातवीत. बटाट्याच्या फोडीवर. मी पहिल्या बाकावर होतो."

"होतास ना? मग आज कुठे होतास?" बाईंचा आवाज फुटला. "आणि ऐक, डॉक्टरनं तुझ्या बायकोला शिवी दिली नाही. तू टाक्या बांधतोस. सांग मला, टाकीला तडा गेला आणि घाण विहिरीत झिरपली तर काय होतं?"

"सारं पानी नासते. जितके नळ, तितक्याईले घाण."

"तेच झालंय. जखमेत पू झाला. ती घाण रक्तात झिरपली, आणि रक्ताचा नळ डोक्यातही जातो. म्हणून ती बरळते. पूला, सडण्याला सेप्टिक म्हणतात. तुझ्या टाकीचं नावसुद्धा त्याच शब्दावरून पडलंय. आता मला सांग, टाकी फुटली तर तू मिस्त्रीला बोलावशील की विभूती टाकशील?"

"पन ती सीते म्हणते वो बाई," सीताबाई रडत म्हणाली. "बुढीच्याच आवाजात."

"सीताबाई, बुढी अंथरुणावर पडली होती तेव्हा तिचं सगळं कोणी केलं?"

"कुंतानंच केलं."

"आणि बुढी दिवसभर काय ओरडायची?"

सीताबाईचं तोंड उघडंच राहिलं. "ए सीते, पानी आन..."

"ताप डोक्यात गेला की कानात साठलेलं तोंडावाटे येतं. पोरगी तहानलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिला पाणी हवंय. द्या की कोणीतरी!"

टेकचंदनं पुढचं काही ऐकलं नाही. त्यानं खाटेची एक बाजू धरली आणि ओरडला, "धरा ना गा! पाहून काय रायले?" मारोतरावांनी भाऱ्यांनी भरलेला आपला ट्रॅक्टर तिथेच रिकामा करायला लावला. खाट ट्रॉलीत चढली. या गडबडीत बाबांनी चादर गुंडाळली आणि धूम ठोकली. झोळी मात्र राहिली. तिच्यात टिंक्चरच्या दोन बाटल्या होत्या आणि विभूतीसारख्याच आंबट, पांढऱ्या गोळ्यांचा एक डबा.

ट्रॅक्टर वेशीजवळ आला तेव्हा टेकचंदनं डोळे मिटून घेतले. वेस मागे पडली. कुंताचा श्वास चालू होता.

कोंढ्याला डॉक्टर बावनकर धावतच बाहेर आले. त्यांनी हात पाहिला, नाडी पाहिली, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि स्वतः ट्रॉलीत चढून बसले. वाटेत टेकचंद त्यांच्या पाया पडू लागला तर म्हणाले, "माझंही चुकलं. मी एक शब्द फेकला आणि मोकळा झालो. समजावून सांगायला पाहिजे होतं."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात हात चिरून पू काढला, औषधं सुरू झाली. पण जादू झाली नाही. जादू फक्त पेल्यात होते, माणसाच्या शरीरात वेळ लागतो. कुंताचं बरळणं थांबलं आणि मग ती बोलेनाशीच झाली. नुसती छताकडे बघत पडायची. ही शांतता त्या ओरडण्यापेक्षा वाईट होती. सीताबाई उशाशी बसून सुनेचे केस सारखे करायची. एकदा बाई भेटायला गेल्या तेव्हा दारातच थबकल्या. सीताबाई सुनेच्या कानाशी वाकून म्हणत होती, "एकदा 'ए सीते' म्हण वो पोरी. मी रागावत नाई. म्हण ना."

बाई बाहेर व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर बावनकर आले होते. बाईंनी पिशवीतून बाबाच्या झोळीतला तो गोळ्यांचा डबा काढला.

"व्हिटामिन सी," डॉक्टर नाव वाचून म्हणाले. "वाईट नाही. आवळ्यात असतं तेच."

"डॉक्टर, मला एक खरं सांगा. मेंदूला गंज चढतो, हे त्या भामट्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं का?"

डॉक्टरांनी डबा बाईंच्या हातात परत ठेवला. "वांगं कापून ठेवलं की काळं पडतं, लिंबू लावलं की पडत नाही. अशा दुखण्यात शरीरात तसलं काही होत असेल. मेंदूतही होत असेल. ते थांबवणारं औषध उद्या निघेलही. मला माहीत नाही."

"तुम्ही डॉक्टर असून माहीत नाही म्हणता?"

"त्यालाच तर माझं शिक्षण म्हणतात, बाई. बाबाला सगळं माहीत असतं. आम्हाला पुष्कळ रोग्यांना औषध द्यावं लागतं, तेवढ्याच रोग्यांना न देता बघावं लागतं, आणि कोण वाचलं ते मोजावं लागतं. गुण आला तर मी सगळ्यांत आधी देईन. पण पेला निवळला म्हणजे डोकं निवळलं असं होत नाही. आणि काहीही निघालं तरी आधी पू काढावाच लागेल."

कुंता बोलली ती एका सकाळी. नर्सनं पडदा सरकवला तेव्हा तिनं मान वळवली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आत्याबाई, पानी द्या जी." सीताबाईच्या हातून पेलाच पडला. अख्खा वॉर्ड जागा होईल एवढ्यानं ती रडली आणि दुसरा पेला भरून सुनेच्या ओठांना लावला.

कुंता घरी आली, पण पूर्वीसारखी व्हायला दिवस लागले. अक्षरं पुन्हा 'ग'पासून गिरवावी लागली. मध्येच शब्द विसरायची, डाव्या हाताची मूठ पुरती वळायची नाही. चार दिवस आधी नेली असती तर एवढंही झालं नसतं, हे बाईंनी कोणाला सांगितलं नाही. टेकचंदला ते ठाऊक होतं.

पाराचं म्हणाल तर पार सुधारला नाही. फुटाणेवाल्यानं बातमी आणली, की पवनीच्या पलीकडे कोणी निळेबाबा प्रकटलेत आणि तेही फक्त केळीच खातात. इथलेही एक बुजुर्ग तंबाखू मळत म्हणालेच, "काही म्हना, बाबाच्या विभूतीचा गुण उशिरा आला असन."

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी सीताबाई उठली. सासू-सुना दोघी देवाला आल्या होत्या आणि कुंता तिचा हात धरून उभी होती.

"गुण उशिरा आला म्हणता? उशीर आमीच केला! माही पोरगी मरून रायली होती आन् मी पेला पाहत बसली होती. आइका सारे जन. कोनाच्या घरी मानूस बरळाले लागलं तर भूत मागून पाहा. आधी आंग पाहा, कुठी जखम हाये का ते पाहा, आन् डॉक्टर काय म्हणते ते नाई समजलं तर दोनदा इचारा. इचाराले लाज कायची? आन् तरीबी भूत दिसलंच, तर पयले साबन लावून हात धुवा!"

बुजुर्गांनी मळलेली तंबाखू तशीच हातात राहिली. त्यांनी एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आणि उठून हापशीकडे गेले.